आत्याच्या बाटलीतला घास

प्रयोगशाळेत लहानथोर सगळे तिला आत्या म्हणत. वीस वर्षांपूर्वी तिचा सख्खा भाचा तिथे वर्षभर शिकायला होता. तो दिवसातून पन्नास वेळा 'आत्या, बाटली दे', 'आत्या, दार उघड' असं ओरडायचा. भाचा शिकून निघून गेला आणि आत्या तेवढी मागे राहिली. मोठ्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयाने आत्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. पण त्याही तिला आत्याच म्हणत.

तिचं राज्य तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच्या खोलीत. आत शिरायचं तर बूट बाहेर, अंगात स्वच्छ कोट आणि हातांवर स्पिरिटचा फवारा. मॅडम असोत नाहीतर विजेच्या दुरुस्तीला आलेला माणूस, फवाऱ्यातून सुटका नाही. आतल्या ऊबदार इन्क्युबेटरमध्ये, चपट्या प्लास्टिकच्या प्लेटांत, स्नायूंच्या पेशी राहत. राहत म्हणजे अक्षरशः राहत. खात, पित, वाढत, दाटी झाली की एकमेकींना चिकटून लांब धागे होत, आणि एखाद्या दिवशी त्यातला एखादा धागा आपला आपण थरथरे. त्या ज्या लाल पाण्यात राहत त्याला माध्यम म्हणायचं, आणि ते माध्यम बनवणं हे आत्याचं काम. भुकटी तोलायची, पाण्यात विरघळवायची, आंबटपणा बरोबर जुळवायचा, बारीक जाळीतून गाळायचं, बाटल्या भरायच्या, वर तारीख घालायची. एकतीस वर्षं हे चाललं होतं आणि तिची एकही बाटली नासली नव्हती. एकदा छत गळलं तेव्हा एक नासली होती, पण ती आत्या छताच्या नावावर धरायची.

पेशींना भूक लागली की माध्यमाचा लाल रंग केशरी होतो आणि फारच आबाळ झाली तर पिवळा. बाकीच्यांना ते प्लेट उचलून उजेडात धरल्यावर कळे. आत्या दारातूनच सांगे, "वरच्या खणातल्या रुसल्यात आज." मग त्यांचं पाणी बदलून, झाकण लावून, इन्क्युबेटरचं दार असं हळू लावायची की आत कोणी तान्हं निजलंय असंच वाटावं. त्या पेशी नेमकं काय करतात आणि वरची मंडळी त्यांच्यावर कसले प्रयोग करतात, हे तिने कधी विचारलं नाही. आपण खाऊ घालावं, मोठं करून द्यावं. पुढे त्यांचं नशीब.

मुळात स्वभावच तसा. समोरचा दमलेला दिसला की हिचा जीव खालीवर. नवरा बस चालवून निवृत्त झालेला, दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, जिने चढा, थोडा दम लागला तरी चालेल. दम लागला तरी चालेल हे वाक्य आत्याने ऐकलंच नाही. तिने घरच्या चार मजल्यांच्या जिन्यात प्रत्येक वळणावर एकेक स्टूल ठेवलं. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, "जन्मभर बस चालवली, आता ही मलाच प्रत्येक स्टॉपवर थांबवते."

तर अशा या आत्याची निवृत्ती आली. शुक्रवारी चार वाजता खालच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठरला. मॅडम भाषण करणार होत्या, आणि त्यात 'एकतीस वर्षांत एकही चूक नाही' हे वाक्य असणार ही बातमी तिच्या कानावर आली होती. आत्या वरवर म्हणायची, "कशाला ते कौतुक," पण सोमवारी सकाळी तिने त्यासाठी साडी इस्त्रीला टाकली होती.

त्याच सोमवारी दुपारी भिंगरी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसली.

भिंगरी म्हणजे तिसऱ्या वर्षाची संशोधक. एका जागी दोन मिनिटं बसली तर लोक तब्येत विचारत, म्हणून हे नाव. त्या दिवशी ती तब्बल वीस मिनिटं बसली आणि मांडीवरचा डबा तिने उघडलाही नाही.

"जेवत का नाहीस गं?" आत्या म्हणाली.

"भूक नाही. आत्या, मी जाणारे इथून. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मॅडमना सांगणारे."

"कुठे जाणार?"

"मामाचं छापखान्याचं दुकान आहे, तिथे बसेन. माझा हातच वाईट आहे हो. प्रयोगाच्या लायकीचा नाहीये तो."

आत्या तिच्या शेजारी टेकली. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने विचारलं, "पण तू करतेस तरी काय त्या पेशींचं?"

भिंगरीला समजावून सांगायला मिळालं की तिची कळी खुलायची. त्या दिवशी पूर्ण नाही खुलली, पण हात तेवढे हलायला लागले. "पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात. बारक्या चुलीच समजा. आपण खातो ते शेवटी तिथे जळतं, श्वासातला प्राणवायू त्यासाठीच लागतो, आणि त्यातूनच ताकद मिळते. आता चूल म्हटली की एखादी ठिणगी बाहेर उडणारच. त्या ठिणगीचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखमेवर टाकलं की फेस येतो ना, तेच, पण अगदी कणभर."

"अगंबाई! मग ते जाळत नाही पेशीला?"

"फार झालं तर जाळतं. वर्षानुवर्षं फार होत राहिलं तर दुखणी येतात, स्नायू झिजतात. म्हणून पूर्वी सगळे म्हणायचे, हे विषच. पण थोडं असेल तर तो निरोप असतो आत्या! काम वाढलंय, तयारीला लागा, नव्या चुली मांडा, असा निरोप. माणूस व्यायाम करतो, दम लागतो, आणि महिन्याभराने तोच जिना सोपा वाटतो, त्यात या निरोपाचाही हात असतो. मी माध्यमात मोजून थोडं पेरॉक्साइड टाकते आणि पेशींपर्यंत निरोप पोचतो का ते बघते. पोचला की त्या सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. तशी सोय केलेली असते त्यांच्यात."

"मग?"

"पहिली दोन वर्षं छान चमकल्या. गेले सहा महिने ढिम्म! एकोणीस वेळा केलं. पेरॉक्साइडची बाटली बदलली, दिवा बदलला, प्लेटा बदलल्या. काहीच नाही. मी इकडून निरोप टाकते आणि मधेच कोणीतरी गिळून टाकतं बघा. पण मधे आहेच कोण? माझे हातच ना?"

ती डबा तसाच घेऊन निघून गेली. आत्या मात्र बाकावरून उठेना. मधे कोण आहे, हे तिला ठाऊक होतं. मधे ती स्वतः होती.

त्याचं असं झालं होतं. सहा महिन्यांपूर्वी एक दिवसभर वीज गेली, इन्क्युबेटर गार पडला आणि पेशी आजारल्या. आत्याला अन्न गोड लागेना. खालच्या मजल्यावरचा तिच्यासारखाच एक तंत्रज्ञ म्हणाला, "आम्ही माध्यमात थोडं पायरुवेट घालतो, पोरी कशा तरारून उठतात." पायरुवेट म्हणजे साखर अर्धी मोडल्यावर जे होतं ते, थेट मायटोकॉन्ड्रियाच्या चुलीत जाणारं. म्हणजे चावून दिलेला घासच. आत्याला ते एकदम पटलं. सोडून गेलेल्या एका संशोधकाची पायरुवेटची बाटली शीतकपाटात पडूनच होती. तिने थोडं घालून पाहिलं. पेशी दोन दिवसांत टवटवीत झाल्या. मग तिने प्रत्येक बाटलीत घालायला सुरुवात केली, आणि आजार बरा झाल्यावरही हात आवरेना. भिंतीवर मॅडमच्या सहीची माध्यमाची पाककृती लावलेली होती. त्यात बदल करायचा तर लिहून सही घ्यायची असा नियम होता. पण एक घास वाढला तर त्याची कोणी सही घेतं का?

आता ती पाककृती तिच्याकडे डोळे वटारून बघत होती.

खरं तर अजून नक्की काहीच नव्हतं. पायरुवेटच निरोप गिळतं कशावरून? मंगळवारी दुपारी मंडळी चहाला गेली तेव्हा आत्याने दार लोटलं आणि आयुष्यातला पहिला प्रयोग मांडला. दोन नळ्या घेतल्या, दोन्हींत नुसतं खारं पाणी. एकीत पायरुवेट घातलं, दुसरीत नाही. दोन्हींत सारखं पेरॉक्साइड टाकलं. पेरॉक्साइड ओळखायच्या कागदी पट्ट्या भिंगरीच्या खणात असत. पेरॉक्साइड असलं की पट्टी निळी होते. अर्धा तास आत्या घड्याळासमोर उभी राहिली. मग पट्ट्या बुडवल्या. बिनपायरुवेटच्या नळीतली पट्टी गर्द निळी झाली. पायरुवेटच्या नळीतली कोरी करकरीत राहिली.

एकदा करून विश्वास ठेवायचा नसतो, हे तिने या पोरांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. तिने आणखी दोनदा केलं. तिन्ही वेळा तेच. तिच्या प्रेमाच्या घासाने भिंगरीचा निरोप वाटेतच फस्त केला होता. पेशींच्या कानापर्यंत काही जाऊच दिलं नव्हतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पायातले मोजे काढत होता.

"बरं मग घालणं बंद कर की," तो म्हणाला. "कोणाला कळतंय? शुक्रवारी तुझा कार्यक्रम, सोमवारपासून घरी. पुढच्या खेपेला तिचा प्रयोग आपोआप चालेल."

"अहो, ती पुढची खेप करणारच नाहीये. शुक्रवारी जातेय ती. म्हणते, माझा हात वाईट आहे."

नवऱ्याने हातातला मोजा खाली टाकला. "मग शुक्रवारच्या आत तोंड उघडावं लागेल तुला."

"आणि एकतीस वर्षांचं ते भाषण? त्याचं काय?"

"भाषणाचं काय घेऊन बसलीस? मी रिटायर झालो तेव्हा साहेब म्हणाले, यांनी एकदाही गाडी घासली नाही. मागच्या रांगेत डेपोचा पहारेकरी बसला होता, ज्याचं फाटक मी दोनदा उडवलं. तो सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होता."

आत्याला हसू आलं आणि रडूही आलं. तोंड उघडायचं हे ठरलं, पण ते काही केल्या उघडेना. बुधवारी तिने बिनपायरुवेटचं ताजं माध्यम बनवून ठेवलं, आणि भिंगरी आलीच नाही. गुरुवारी आली, पण आपला खण आवरत होती. तिला कागद फाडताना पाहून आत्याच्या ओठांवर आलेलं सगळं परत आत गेलं. ती फक्त म्हणाली, "जेवलीस का?" स्वतःच्या भित्रेपणाचा तिला असा राग आला की त्या दिवशी तिने धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुतल्या.

शुक्रवारी दहा वाजता मीटिंग सुरू झाली. आत्या कधी मीटिंगला जात नसे. त्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून, हातात नळ्यांचं स्टँड घेऊन दारात उभी राहिली. मॅडमना वाटलं, कार्यक्रमाचं काही विचारायला आली.

"आत्या, चार वाजता आहे ते."

"ते नाही. मला आत्ता बोलायचंय. ही पोरगी काही बोलायच्या आत."

भिंगरी उठून उभीच होती, हातात घडी घातलेला कागद. आत्याने तिच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर पुन्हा 'जेवलीस का' एवढंच निघालं असतं. तिने टेबलावर नळ्या मांडल्या, पट्ट्या बुडवल्या आणि सांगत गेली. वीज गेली ते, घास घातला ते, कोणाला विचारलं नाही ते. "सहा महिने प्रत्येक बाटलीत आहे. माझ्या वहीत लिहिलंय, बाटलीवर नाही. हिचा हात वाईट नाही. माझा चुकला." तोवर एक पट्टी निळी झाली होती आणि दुसरी पांढरीच होती.

कोपऱ्यातून पैलवान, म्हणजे दुसरा एक अंगापिंडाने भरलेला संशोधक, हळूच म्हणाला, "तरीच माझ्या पेशी एवढ्या गुटगुटीत!" कोणी हसलं नाही. मग त्याच्याही ध्यानात आलं की आपलेही सहा महिने त्याच माध्यमात गेलेत, आणि त्याचा चेहरा उतरला.

भिंगरी टेबलाजवळ आली. तिने पांढरी पट्टी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"सहा महिने, आत्या!" ती ओरडली. "सहा महिने मी रोज घरी जाऊन रडले! एकदा विचारायचं तरी!" आणि ती दार आपटून बाहेर गेली.

मॅडमनी निळी पट्टी उचलून पाहिली. मग म्हणाल्या, "भिंतीवरच्या कागदावर सही कशाला असते?"

"चुकलं," आत्या म्हणाली.

"चुकलंच. पण सहा महिने या मुलीचं अडलंय आणि माध्यमात काय आहे, हे मी तरी कुठे विचारलं? तुमची बाटली म्हटली की आम्ही डोळे मिटून घ्यायचो." त्यांनी पैलवानाला सहा महिन्यांतल्या सगळ्या प्रयोगांची यादी करायला बसवलं आणि आत्याला म्हणाल्या, "जा, शोधा तिला."

शोधायची गरज पडली नाही. भिंगरी पेशींच्या खोलीबाहेर उभी होती, नाक लाल झालेलं.

"आत्या, म्हणजे माझं मोजमाप बरोबर होतं?"

"बरोबर होतं गं."

"एकोणीसच्या एकोणीस वेळा?"

"एकोणीसच्या एकोणीस वेळा."

"म्हणजे माझा हात..." तिने आत्याच्या इस्त्रीच्या साडीत तोंड खुपसलं आणि हमसून रडली. आत्याही रडली. एकतीस वर्षांत चूक नाही हे वाक्य आपल्याला एवढं मोलाचं वाटत होतं याची तिला मनापासून लाज वाटली. मग भिंगरीने नाक पुसलं आणि एकदम म्हणाली, "साधं माध्यम आहे का हो?"

"बुधवारीच करून ठेवलंय."

मग काय विचारता, भिंगरी पुन्हा भिंगरी झाली. पेशी धुतल्या, साधं माध्यम घातलं, तीन तास इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. चार वाजता हॉलमध्ये माणसं जमली, खुर्च्या भरल्या, आत्याचा नवरा पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसला, आणि सत्कारमूर्तीचाच पत्ता नाही! मॅडम माईकवर म्हणाल्या, "भाषण जरा थांबेल. तसंही ते मला बदलावं लागणार आहे." आणि त्याही वर पळाल्या.

सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत तिघी दाटीवाटीने उभ्या होत्या. पडद्यावर पेशींचे लांब धागे फिकट दिसत होते. भिंगरीने मोजून घेतलेलं पेरॉक्साइड पिपेटमध्ये भरलं आणि पिपेट आत्यापुढे धरली.

"तुम्ही टाका."

"मी? नको बाई! मी आजवर त्यांना नखसुद्धा लावलं नाही."

"म्हणूनच तुम्ही टाका."

जन्मभर ज्यांना भरवलं त्यांच्या अंगावर हे जळतं पाणी टाकायचं? तिने पिपेट घेतली आणि थेंब सोडला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. तिघीही पडद्याकडे बघत राहिल्या. मग डावीकडचा एक धागा हिरवा झाला. त्याच्या शेजारचा झाला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पेशी उजळत गेल्या.

भिंगरीने आत्याचा दंड असा दाबला की तिथे वळ उठला.

"मेल्या नाहीत ना गं?" आत्या कुजबुजली.

"नाही हो. ऐकलं त्यांनी."

"दुखलं असेल."

"थोडं दुखलं असेल," भिंगरी म्हणाली. "तेवढं दुखू द्यायचं असतं, आत्या."

खाली हॉलमधून टाळ्यांचा आवाज येत होता. कंटाळलेल्या लोकांना नवऱ्याने बहुधा बसच्या गोष्टी सांगायला घेतल्या होत्या. मॅडम घड्याळ बघून म्हणाल्या, "चला, लोक वाट बघतायत." पण एकदा करून विश्वास ठेवायचा नसतो. आत्याने पदर खोचला आणि दुसरी प्लेट मागितली.